‘योग्य’ भूमी : ओलिताच्या भातशेतीसाठी होणाऱ्या भूमिमूल्यांकनाच्या परिभाषेचे परीक्षण

१. प्रास्ताविक

एखादी जमीन ओलिताच्या भातास योग्य आहे किंवा नाही, हा प्रश्न वरकरणी मृदाशास्त्राचा व जलसिंचनशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारल्यास ते अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु भूमिमूल्यांकन ही क्रिया अखेरीस एका विधानात पर्यवसित होते. जमिनीचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो, उतार मोजला जातो, पाण्याचा हिशेब केला जातो आणि शेवटी ‘ही जमीन भातास योग्य आहे’ किंवा ‘अयोग्य आहे’ एवढेच वाक्य कागदावर उरते. पाटाचे पाणी कोणत्या शिवारात जावे, कर्ज कोणत्या पिकास मिळावे, सुधारणेचा खर्च कोठे करावा, हे निर्णय त्या वाक्याच्या आधाराने होतात. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ काय, त्यात कोणती पदे उक्त आहेत व कोणती गृहीत धरून गाळली आहेत, हे पाहणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कामच होय.

प्रस्तुत लेखात अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली भूमिमूल्यांकनाची चौकट, तिला पूरक म्हणून १९८५ मध्ये निघालेली सिंचित शेतीविषयक मार्गदर्शिका आणि या चौकटीच्या आश्रयाने पुढे रूढ झालेल्या गुणांकनाच्या पद्धती यांचे परीक्षण करावयाचे आहे. मूळ चौकटीत ‘योग्यता’ ही कल्पना सापेक्ष व पूर्ण स्वरूपात मांडलेली होती. कोष्टके व आकडे यांच्या मार्गाने व्यवहारात उतरताना ती निरपेक्ष व अपुरी झाली. आणि मराठीत ज्या शब्दाने आपण ती व्यक्त करतो त्या शब्दाने या ऱ्हासास हातभार लावला, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. ‘योग्य’ आणि ‘जोगा’

‘योग्य’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून आलेला आहे. ज्याची कशाशी तरी जोड जमते ते योग्य, हा त्याचा मूळ भाव. हाच शब्द प्राकृतातील ‘जोग्ग’ या रूपातून मराठीत ‘जोगा’ म्हणून उतरला. ‘पेरण्याजोगी’, ‘खाण्याजोगे’, ‘सांगण्याजोगा’ या रूपांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ‘जोगा’ हा शब्द कधीही एकटा येत नाही. ‘ही जमीन जोगी आहे’ हे वाक्य मराठीत अपुरे आहे. ऐकणारा लगेच ‘कशाजोगी?’ असे विचारील. तद्भव रूपाने मूळ धातूतील जोडीचा भाव व्याकरणातच बांधून ठेवला आहे.

तत्सम ‘योग्य’चे तसे झाले नाही. ‘भातास योग्य’ असा सापेक्ष प्रयोग जसा होतो, तसाच ‘त्याने केले ते योग्यच’ असा निरपेक्ष प्रयोगही होतो, आणि तेथे अर्थ ‘उचित’ असा होतो. ‘योग्यता’ या भाववाचक नामात हा पालट अधिक पुढे गेला आहे. ‘त्यांची योग्यता मोठी’ या वाक्यात कशासाठी योग्यता, हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे योग्यता म्हणजे थोरवी. उलट ‘अयोग्य’ या शब्दात दोषारोप आहे. त्यामुळे एखाद्या शेताविषयी ‘अयोग्य’ असा शेरा मराठीत लिहिला की मूळ शास्त्रीय परिभाषेत नसलेला एक निकाल त्यात आपोआप शिरतो. जमीन अमुक उपयोगाशी जुळत नाही, एवढेच सांगावयाचे असते. वाचणाऱ्यास मात्र जमीनच हलकी आहे असे ऐकू येते.

३. चौकटीचे श्रेय

१९७६ ची चौकट तयार होण्यापूर्वी जमिनीची प्रतवारी करण्याच्या अनेक रीती प्रचारात होत्या. अमेरिकेच्या कृषिखात्याची १९६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली भूमिक्षमता-वर्गवारी ही त्यांतील सर्वांत परिचित. तिच्यात जमिनीचे आठ वर्ग कल्पिले होते आणि वर्ग जितका वरचा तितकी जमीन सर्वसाधारण लागवडीस सोयीची, असा क्रम होता. ओलेपणा व निकृष्ट निचरा ही तेथे मर्यादेची लक्षणे होती. कोरडवाहू धान्ये व चारापिके यांच्या दृष्टीने हे रास्तच होते. पण भाताचा विचार केला की सारा क्रम उलटतो. ज्या जमिनीतून पाणी खाली झिरपत नाही ती मक्यास वाईट, आणि भातास तीच उत्तम.

ही अडचण आपल्याकडे त्याहीपूर्वी जाणवलेली होती. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचे नियम ज्यात ग्रथित झाले तो गोल्डस्मिड, विंगेट प्रभृतींचा संयुक्त अहवाल १८४७ चा. त्यातील जिरायत जमिनीच्या प्रतवारीत मातीचा रंग-पोत व खोली यांवरून नऊ वर्ग केले होते, आणि सोळा आण्यांपासून उतरत्या क्रमाने त्यांचे सापेक्ष मोल ठरविले होते. वर्ग खाली आणणारे जे दोष सांगितले होते, त्यांत चुनखडीचे मिश्रण, वाळू, उतार यांच्याबरोबरच ‘पाणी आत न मुरणे’ आणि ‘झऱ्यांमुळे अतिरिक्त ओल असणे’ हेही दोष होते. हेच नियम भाताच्या खाचरांना लावणे म्हणजे सर्वांत चांगल्या खाचरास सर्वांत खालच्या वर्गात टाकणे झाले असते. म्हणून भातजमिनींसाठी प्रतवारीची वेगळी रीत ठेवावी लागली. एकाच इलाख्यात एकाच खात्याला दोन मापे वापरावी लागली, यातच ‘चांगली जमीन’ या निरपेक्ष शब्दप्रयोगाचा पराभव दिसून येतो.

अन्न व कृषी संघटनेच्या चौकटीने या अनुभवाला तत्त्वाचे रूप दिले, हे तिचे मोठे श्रेय होय. योग्यता ही नेहमी विशिष्ट उपयोगाच्या संदर्भात ठरवावयाची, हे तिचे पहिले तत्त्व. मिळणारा लाभ व त्यासाठी करावा लागणारा खर्च यांची तुलना करावयाची; मूल्यांकन त्या त्या प्रदेशाच्या भौतिक, आर्थिक व सामाजिक परिस्थितीस धरून असावयाचे; आणि उपयोग दीर्घकाळ टिकणारा असावयाचा, ही पुढील तत्त्वे. या चौकटीत ‘योग्य’ व ‘अयोग्य’ अशा दोन कोटी आहेत. योग्य कोटीत एस१ म्हणजे अतियोग्य, एस२ म्हणजे मध्यम योग्य व एस३ म्हणजे कडेची योग्य असे सर्वसाधारणपणे तीन वर्ग येतात. अयोग्य कोटीत एन१ म्हणजे सध्या अयोग्य आणि एन२ म्हणजे कायमची अयोग्य असे दोन. वर्गाखाली उपवर्ग असून कोणत्या मर्यादेमुळे जमीन खाली आली हे त्यांतील अक्षर सांगते.

चौकटीतील दुसरा भेद भूमिलक्षण व भूमिगुण यांचा आहे. उतार, पोत, खोली ही मोजता येणारी लक्षणे. पाण्याची उपलब्धता, मुळांना प्राणवायू मिळणे, क्षारांचा उपद्रव नसणे हे गुण. लक्षण जमिनीचे असते. गुण हा जमीन व उपयोग यांच्यामधील संबंधाचा असतो. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर लक्षण हे विशेषण आहे आणि गुण हे चतुर्थीची अपेक्षा ठेवणारे पद आहे. हा भेद पाळला गेला असता तर पुढील बरेचसे लिहावे लागले नसते.

४. लक्षणांचे कोष्टक आणि भाताचे पाणी

व्यवहारात झाले ते असे. प्रत्येक पिकासाठी लक्षणांची कोष्टके तयार झाली. बेल्जियममधील सीस व त्यांचे सहकारी यांनी १९९१ ते १९९३ या काळात प्रसिद्ध केलेले ग्रंथ या कोष्टकांसाठी जगभर आधारभूत मानले जातात. आपल्याकडे नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने २००६ मध्ये प्रमुख पिकांसाठी मृदा-स्थल योग्यतेच्या निकषांची पुस्तिका काढली. या कोष्टकांची उपयुक्तता निर्विवाद आहे. त्यांच्यावाचून दोन सर्वेक्षकांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणे अशक्य झाले असते. परंतु कोष्टकात लक्षण हेच गुणाच्या जागी बसते, आणि भाताच्या बाबतीत ही अदलाबदल विशेष महाग पडते. याची तीन उदाहरणे देतो.

पहिले पाझराचे. ओलिताच्या भाताच्या मूल्यांकनात पाणी खाली किती झिरपते हा प्रश्न मध्यवर्ती आहे. चिखलणी केलेल्या भारी चिकण जमिनीत हा पाझर दिवसाला साधारण १ ते ५ मिलिमीटर असतो. रेताड जमिनीत तो २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत जातो. शंभर दिवस पाणी उभे ठेवावयाचे असे धरले, तर दिवसाला ३ मिलिमीटर पाझर असलेल्या शेतात त्या वाटेने ३०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ३,००० घनमीटर पाणी जाईल. २५ मिलिमीटर पाझर असलेल्या शेतात २,५०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी २५,००० घनमीटर. एवढे अंतर असल्यावर कोष्टकात पाझरास मानाचे स्थान मिळावे हे उचितच. पण हा पाझर जमिनीचे जन्मजात लक्षण नव्हे. पाण्यात नांगरट करून, चिखल घोटून, वर्षानुवर्षे तेच करीत राहिल्याने मशागतीच्या थराखाली जो घट्ट थर बसतो, त्याने पाझर आवरला जातो. सर्वेक्षक उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर पाणी मुरण्याचा वेग मोजतो, तेव्हा तो शेतकऱ्याने अद्याप न केलेल्या शेताचे लक्षण मोजीत असतो.

दुसरे सामूचे. आम्ल किंवा विम्ल जमीन म्हणून कोष्टकात गुण कमी होतात. परंतु जमीन काही आठवडे पाण्याखाली राहिली म्हणजे आम्ल जमिनींचा सामू वर चढतो, चुनखडीच्या व विम्ल जमिनींचा खाली येतो, आणि दोन्ही उदासीन बिंदूच्या आसपास येऊन स्थिरावतात. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नंपेरुमा यांनी केलेले या विषयावरील काम १९७२ पासून सर्वश्रुत आहे. तेव्हा वाळवलेल्या नमुन्याचा सामू हा भाताच्या मुळांना ज्या मातीत राहावयाचे आहे त्या मातीचा सामू नव्हे.

तिसरे उताराचे. ओलिताच्या भातास सपाट जमीन हवी, म्हणून उतार वाढला की वर्ग उतरतो. परंतु कोकणातील डोंगरउतारावरची खाचरे बांध घालून सपाट केलेली आहेत; एकदा बांध घातल्यावर मूळ उतार हे लक्षण उरतच नाही, उरतो तो बांध राखण्याचा श्रम. तो गुण आहे, आणि तो कोष्टकात नाही.

या तिन्ही उदाहरणांत एकच गोष्ट घडली आहे. ‘शेतकरी जमिनीत भात पिकवितो’ या वाक्यात शेतकरी कर्ता व जमीन अधिकरण आहे. ‘जमीन भातास योग्य आहे’ या वाक्यात अधिकरण कर्त्याच्या जागी आले आणि कर्ता नाहीसा झाला. भातशेतीत जमीन जेवढी मिळालेली असते तेवढीच केलेली असते. कोष्टक मिळालेल्या जमिनीचे वर्णन करते आणि केलेल्या जमिनीवर निकाल देते.

५. एकच शेत, तीन वर्ग

कोष्टकातील गुणांक एकत्र करण्याच्या रीती हा परीक्षणाचा दुसरा विषय. लक्षणाला शंभरपैकी गुणांक द्यावयाचा व सर्व गुणांकांवरून एक निर्देशांक काढावयाचा, ही कल्पना स्टोरी यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील जमिनींसाठी मांडली. त्यांची रीत गुणाकाराची होती. पुढे खिद्दिर यांनी १९८६ मध्ये वर्गमूळाची रीत सुचविली : सर्वांत लहान गुणांक घ्यावयाचा व त्यास उरलेल्या गुणांकांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने गुणावयाचे. याशिवाय केवळ सर्वांत मोठी मर्यादा पाहून वर्ग देण्याची साधी रीत आहेच. प्रचलित मर्यादांप्रमाणे निर्देशांक ७५ च्या वर असल्यास एस१, ५० ते ७५ असल्यास एस२, २५ ते ५० असल्यास एस३ आणि त्याखाली अयोग्य.

आता एक काल्पनिक शेत घेऊ. त्याची आठ लक्षणे तपासली आणि प्रत्येकास ९० गुणांक मिळाला. ९० म्हणजे ‘किंचित मर्यादा’. एकट्या लक्षणाकडे पाहता ते एस१ मध्येच बसते. सर्वांत मोठी मर्यादा पाहण्याच्या रीतीने हे शेत एस१ ठरते. वर्गमूळाच्या रीतीने निर्देशांक सुमारे ६२ येतो, म्हणजे शेत एस२ झाले. गुणाकाराच्या रीतीने तो सुमारे ४३ येतो, म्हणजे शेत एस३ झाले. शेत तेच, माती तीच, पाणी तेच. रीत बदलली की ते अतियोग्यापासून कडेच्या योग्यापर्यंत उतरले. गुणाकाराच्या रीतीत तर आणखी एक विचित्र गोष्ट घडते. आठांऐवजी पाचच लक्षणे तपासली, तर निर्देशांक ५९ होऊन शेत पुन्हा एस२ मध्ये चढते. अधिक तपास केल्याची शिक्षा शेताला मिळते.

अलीकडे नकाशांचे थर संगणकावर एकमेकांवर ठेवून, प्रत्येक लक्षणास भार देऊन बेरीज करण्याची पद्धत फार रूढ झाली आहे. हे भार ठरविण्यासाठी साटी यांची जोडी-जोडीने तुलना करण्याची श्रेणीबद्ध रीत वापरतात. त्या रीतीत तज्ज्ञांचे मत सुसंगत आहे की नाही हे तपासण्याची सोय आहे; पण सुसंगत मत बरोबर असतेच असे नाही. त्याहून गंभीर दोष बेरजेचा आहे. समजा, सात लक्षणांस १०० गुणांक आहेत आणि क्षारतेस अवघे १०. सर्वांस समान भार दिला, तर सरासरी ८८.७५ येते व वरील मर्यादांप्रमाणे शेत एस१ ठरते. गुणाकाराच्या, वर्गमूळाच्या व मर्यादेच्या अशा तिन्ही रीतींनी ते अयोग्य आहे. ज्या खारट जमिनीत रोप तगणार नाही, तिला बेरजेने पहिला वर्ग दिला.

या रीतींमधला भेद गणिताचा दिसतो, पण वस्तुतः तो उभयान्वयी अव्ययांचा भेद आहे. बेरीज म्हणते, ‘जमीन खारट आहे, पण सपाट आहे, आणि खोलही आहे’. एका गुणाने दुसऱ्या दोषाची भरपाई होते असे ती मानते. गुणाकार म्हणतो, ‘थोडी खारट आहे, शिवाय थोडी उथळ आहे, शिवाय थोडी उताराची आहे’. प्रत्येक दोष आधीच्या दोषाला वाढवितो असे तो मानतो. मर्यादेची रीत म्हणते, ‘मुख्य अडचण खारटपणाची, बाकीचे नंतर पाहू’. कोणत्या दोन लक्षणांमध्ये ‘पण’ शोभते आणि कोणत्या दोहोंमध्ये ‘शिवाय’, हे जमिनीचे ज्ञान आहे. ते ज्ञान न मिळविता सर्व लक्षणांना एकाच अव्ययाने जोडणे म्हणजे वाक्याचा अर्थ न पाहता ते जुळविणे होय. एखाद्या प्रबंधात निर्देशांकाचे दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे येतात, पण ही रीत का निवडली याविषयी एक वाक्यही येत नाही, तेव्हा त्या दशांशांचा काय उपयोग?

६. शिवारातील नावे

भात पिकविणाऱ्या लोकांनी आपल्या जमिनींना दिलेली नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जुन्या मध्यप्रांतात, ज्यात आजचे भंडारा, गोंदिया व चंद्रपूर हे धानाचे जिल्हे होते, मातीची नावे वेगळी व जागेची नावे वेगळी होती. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी ही मातीची नावे. धानाची बांधी चढावर आहे, सपाटीवर आहे की खोलगट जागी आहे, हे सांगणारी टिकरा, समान व झिलान ही दुसरी मालिका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फुलर यांच्या पुढाकाराने तेथे जमीन-बंदोबस्तासाठी मृत्तिका-एककांची पद्धत बसविली गेली, तेव्हा महसूल-खात्याने लोकांची ही दुहेरी नावेच उचलली. टिकऱ्यावरच्या मोरंडीचे मोल आणि झिलानातल्या मोरंडीचे मोल एक नव्हते. मातीचा नमुना दोन्हीकडे सारखाच निघेल. पण वरच्या बांधीतून उतरणारे पाणी ज्या बांधीत येते ती निराळी जमीन आहे, हे नाव सांगून टाकते.

दक्षिण कोकण व गोवे येथील ‘वायंगण’ हा शब्द याहून अर्थघन आहे. पावसाळा संपल्यावर पाण्याच्या आधाराने काढावयाचे भाताचे पीक आणि ते जिथे निघते ती जमीन, या दोहोंसही वायंगण म्हणतात. ऋतू, पाणी, पीक व स्थळ ही चारही पदे एका शब्दात आली. अन्न व कृषी संघटनेच्या चौकटीने ज्याला ‘भूमी-उपयोगाचा प्रकार’ म्हटले आणि ज्याचे वर्णन करण्यास परिच्छेद लागतो, ते येथे एका नामात आहे.

गोव्यातील खाजन जमिनी आणि कोकणातील खार जमिनी यांचे उदाहरण ‘कायमची अयोग्य’ या वर्गासाठी उद्बोधक आहे. भरतीचे पाणी जिथे येत होते तिथे बांध घालून, पाण्याच्या वाटेवर मानस बसवून, पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन त्या जमिनी भाताखाली आणल्या गेल्या. भात हे क्षारांना सोसणारे पीक नव्हे. मास व हॉफमन यांनी १९७७ मध्ये दिलेल्या प्रमाणाप्रमाणे मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसायमेनच्या पुढे गेली की दर डेसिसायमेनमागे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते; म्हणजे ६ वर ते ६४ टक्क्यांवर येते. पण हे प्रमाण सर्व वाणांना सारखेच लागू नाही. गोव्याचा कोरगुट किंवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले वाण अशाच जमिनींसाठी आहेत. शिवाय रोपावस्था व फुलोरा या वेळी भात क्षारांना जेवढा हळवा असतो तेवढा तो फुटवे येताना नसतो. पावसाने क्षार केव्हा धुऊन जातात आणि लावणी केव्हा होते, यावरही सारे अवलंबून आहे. बांधाखेरीज ही जमीन एन२ आहे. बांध, मानस, वाण व लावणीचा दिवस यांसह ती योग्य आहे. बांध फुटला की ती पुन्हा पहिल्या वर्गात जाते. अशा जमिनीविषयी ‘कायमची’ हे क्रियाविशेषण कोणत्या काळाचे?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो खरा आहे. गावागावांतील नावे सारखी नाहीत. विदर्भात मोरंड हे मातीचे नाव आहे, आणि गोव्यात मोरड म्हणजे वरच्या बाजूची, पावसावर अवलंबून असलेली भातजमीन. शब्द जवळजवळ तोच, पण एक द्रव्याचे नाव व दुसरे स्थानाचे. अशा नावांवर राज्याचा नकाशा रंगविता येणार नाही. लोकनामांनी प्रयोगशाळेची जागा घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. नावांपासून घ्यावयाचा आहे तो त्यांचा घाट : माती व जागा वेगवेगळी सांगण्याचा, आणि पाणी व ऋतू यांच्याखेरीज जमिनीविषयी न बोलण्याचा.

७. शेताची योग्यता आणि कालव्याची योग्यता

आतापर्यंत एका शेताचा विचार केला. ओलिताचा प्रश्न एका शेताचा नसतो, आणि याच ठिकाणी अपुऱ्या विधानाची खरी किंमत मोजावी लागते. १९८५ च्या मार्गदर्शिकेने हे ओळखून दोन टप्पे सांगितले होते. मृदा व स्थळ पाहून जी जमीन ओलिताखाली आणण्यासारखी दिसते ती ‘तात्पुरती ओलितयोग्य’. पाण्याचा पुरवठा, खर्च व संपूर्ण योजना यांचा हिशेब झाल्यावर जी उरते ती ‘ओलितयोग्य’. मृदा-सर्वेक्षणावर आधारलेली पुष्कळशी संशोधने पहिल्याच टप्प्यावर थांबतात आणि शब्द मात्र दुसऱ्या टप्प्याचा वापरतात.

तुंगभद्रेच्या डाव्या कालव्याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकातील आहे व आपणास परिचित असावयास हवे. धरणाचे बांधकाम १९५३ मध्ये पुरे झाले. रायचूरच्या दुष्काळी टापूत थोडे थोडे पाणी पुष्कळ शेतांना द्यावयाचे, असा या कालव्यामागचा संरक्षक सिंचनाचा विचार होता. कोणत्या शेतात कोणते पीक घ्यावयाचे हेही सरकारने ठरवून दिले होते, आणि बहुतेक क्षेत्र कमी पाण्याच्या पिकांसाठी राखले होते. प्रत्यक्षात कालव्याच्या वरच्या भागात, आंध्रातून येऊन स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांच्या उपक्रमाने, भाताची लागवड पसरत गेली. वरच्या भागातील भारी काळ्या जमिनी पाणी धरून ठेवतात. एकेकट्या शेताकडे पाहिल्यास त्यांस ‘भातास योग्य’ म्हणण्यास कोणतेही कोष्टक हरकत घेणार नाही. पण त्या शेतांनी पाणी घेतल्यावर टोकाच्या गावांना ते पोचेनासे झाले आणि खालच्या जमिनी चिबड व क्षारपड होऊ लागल्या. पीटर मोलिंगा यांनी या कालव्याच्या पाणीवाटपाचा जो सविस्तर अभ्यास केला आहे, त्यात हे राजकारण बारकाईने आले आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की शेत योग्य ठरले त्याच वेळी कालवा त्या उपयोगास अयोग्य ठरत होता, आणि शेताविषयीच्या विधानात कालव्याचा उल्लेखच नव्हता.

दख्खनच्या कालव्यांवर हा धडा आपण त्याहीपूर्वी, उसाच्या निमित्ताने, शिकलो होतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत नीरा व इतर कालव्यांखालच्या जमिनी पाणी साचून बिघडू लागल्या, तेव्हा मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यातील इंग्लिस व गोखले यांनी मृदा-सर्वेक्षणाच्या आधाराने ओलिताचे नियमन करण्याचा विचार १९२८ मध्ये मांडला. कोणत्या जमिनीस पाणी द्यावे याबरोबरच कोणत्या जमिनीस देऊ नये, हेही मृदा-सर्वेक्षणाने सांगावयाचे असते. ‘चिबड’ व ‘चोपण’ हे शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. चिबड जमीन भातास चालेल. पण चिबड होणे ही शेजारच्या शेताच्या दृष्टीने आपत्ती आहे. ‘योग्य कशास’ याबरोबरच ‘योग्य कुणास’ हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि चौकटीतील दीर्घकाळ टिकण्याचे तत्त्व त्याशिवाय पुरे होत नाही.

८. उपसंहार

या परीक्षणाचा निष्कर्ष चौकटीविरुद्ध नाही. १९७६ ची चौकट तिच्या नंतरच्या बहुतेक वापरापेक्षा अधिक सुजाण आहे, असेच ती पुन्हा वाचताना वाटते. तक्रार आहे ती तिच्या पूर्ण वाक्यांची अर्धी वाक्ये करण्याच्या सवयीविषयी. आपल्या विभागांतून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांना व ते तपासणाऱ्यांना म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, ‘योग्य’ हे पद एकटे लिहू नये. कोणत्या वाणाच्या, कोणत्या हंगामाच्या, कोणत्या मशागतीच्या व कोणत्या पाण्यावरच्या भातास योग्य, हे वाक्यातच यावे. नकाशाच्या सूचीतही यावे. मराठी अहवालांत ‘अयोग्य’ऐवजी ‘वायंगणाजोगी नाही’, ‘चिखलणीजोगी, पण क्षार धुतल्यावर’ अशी रूपे वापरावयास हरकत नसावी. ‘जोगा’ हा शब्द अपुरे वाक्य लिहूच देत नाही, हा त्याचा गुण आहे. निरपेक्ष श्रेष्ठ-कनिष्ठ सांगावयाचे असेल तेथे ‘प्रतवारी’ हा महसुलातील जुना शब्द आहेच.

दुसरी, वर्गाबरोबर गुणांकांची जुळणी कोणत्या रीतीने केली व ती रीत का निवडली, हे लिहावे; शक्य तेथे दोन रीतींचे निकाल शेजारी ठेवावेत. जेथे ते भिन्न येतील तेथेच पुन्हा शेतावर जाण्याचे कारण आहे.

तिसरी, नमुना जेथून घेतला त्या जागेचे शेतकऱ्यांनी सांगितलेले नाव, मातीचे व स्थानाचे वेगवेगळे, प्रयोगशाळेच्या आकड्यांसमवेत नोंदवावे. त्यास खर्च नाही. दहा-वीस वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांच्या अशा नोंदी जमल्या, तर कोणते नाव द्रव्याचे, कोणते स्थानाचे व कोणते पाण्याचे हे उलगडता येईल. मृदाशास्त्राला त्याचा उपयोग होईल, आणि आमच्या शास्त्राला तर ती सामग्री आजच हवी आहे, कारण कालवे आल्यावर जमिनींबरोबर त्यांची नावेही बदलत चालली आहेत.